प्रथम एकल उड्डाण : एका कसोटीची घडण

विमानविद्येच्या इतिहासाचे लेखन आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झालेले आहे. एक अंग यंत्राच्या विकासाचे व दुसरे विक्रमांचे. कोणत्या साली कोणते एंजिन निघाले, कोणी कोणता समुद्र प्रथम ओलांडला, याची साधने विपुल आहेत आणि अभ्यासकांनी त्यांचा उपयोगही भरपूर केला आहे. परंतु विमान चालविण्याची विद्या एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाते कशी, हा प्रश्न या दोहोंच्या मध्ये राहून गेला आहे. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या अंगातील एकाच प्रसंगाचा विचार करावयाचा आहे. तो प्रसंग म्हणजे विद्यार्थी-वैमानिकाचे प्रथम एकल उड्डाण.

बाह्यतः पाहता हा प्रसंग अगदी अल्प असतो. शिक्षक विमानातून खाली उतरतो. विद्यार्थी विमान वाऱ्याच्या रोखाने धावडवून उचलतो, विमानतळाभोवती एक चौकोनी फेरा घेतो आणि पुन्हा जमिनीवर उतरतो. सारा प्रकार काही मिनिटांत आटोपतो आणि नोंदवहीत त्याची एक ओळ पडते. असे असूनही हजारो तास उड्डाण केलेले वैमानिक हा दिवस विसरत नाहीत. याचा उलगडा सामान्यतः मानसशास्त्राच्या आधारे, म्हणजे धैर्य, भीती आणि आनंद या शब्दांत केला जातो. तो खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. हा प्रसंग आज ज्या अर्थाने ओळखला जातो तो अर्थ त्याला विशिष्ट काळी, विशिष्ट कारणांनी प्राप्त झाला, आणि त्या अर्थाचा गाभा विद्यार्थ्याच्या एकटेपणात नसून शिक्षकाच्या खाली उतरण्यात आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. शिक्षकाविना काळ

विमानविद्येच्या आरंभीच्या काळात ‘एकल’ हा शब्दच निरर्थक होता, कारण दुसरा कोणी बरोबर असण्याची सोयच नव्हती. जर्मनीतील ओटो लिलिएंताल यांनी पंखांच्या साहाय्याने टेकडीवरून तरंगण्याचे प्रयोग केले आणि १८९६ साली अशाच एका प्रयोगात ते कोसळून मृत्यू पावले. त्यांचे प्रत्येक उड्डाण एकट्याचे होते आणि प्रत्येक चूकही एकट्याचीच. राइट बंधूंनी १९०३ च्या डिसेंबरच्या १७ तारखेस किटी हॉक येथे यशस्वी उड्डाण केले. त्यातील पहिले, ऑर्व्हिल यांचे, अवघे १२ सेकंदांचे व १२० फुटांचे होते. परंतु त्याच्या मागे बिनएंजिनाच्या यानावरील शेकडो उड्डाणांचा सराव होता. त्यांना शिकविणारे कोणी नव्हते. त्यांनी स्वतःस स्वतःच शिकविले, आणि ते जगले याचे मोठे श्रेय त्यांच्या सावध, पायरीपायरीने पुढे जाण्याच्या पद्धतीस द्यावे लागते.

विमाने विकावयास आणि चालविण्यास दुसरी माणसे तयार करावयास आरंभ झाला तेव्हाही पुष्कळ यंत्रांत एकच आसन असे. फ्रान्समध्ये रेमों द लारोश या महिलेने १९०९ च्या ऑक्टोबरमध्ये शालों येथे व्हॉय्झँ यांच्या विमानातून उड्डाण केले, तेव्हा तिचे शिक्षक शार्ल व्हॉय्झँ जमिनीवर उभे राहून सूचना देत होते. पुढच्या वर्षी, १९१० च्या मार्चमध्ये, तिला वैमानिकाचा परवाना मिळाला. असा परवाना मिळविणारी ती जगातील पहिली स्त्री होय. येथे शिक्षक आहे, परंतु तो आसनावर नाही. त्याचा आवाज जेथवर पोहोचेल तेथवरच त्याचे शिक्षण.

ब्लेरिओ यांच्या शाळांतून हीच अडचण अधिक पद्धतशीरपणे सोडविण्यात आली. पंख तोडून आखूड केलेले, उडू न शकणारे विमान विद्यार्थ्याच्या हाती देत. त्यास ‘पेंग्विन’ असे यथार्थ नाव पडले होते. विद्यार्थी ते मैदानावर सरळ रेषेत धावडविण्यास शिके. मग थोडे अधिक समर्थ यंत्र घेऊन जमिनीपासून काही फूट उंच उडी मारी. मग अधिक लांब उडी, आणि शेवटी पूर्ण फेरा. या क्रमात शिक्षक कधीच विमानात बसत नसल्यामुळे तो कधीच उतरतही नाही. म्हणून या पद्धतीत ‘पहिले एकल उड्डाण’ नावाचा निश्चित क्षण सापडत नाही. धावणे कोठे संपले आणि उडणे कोठे सुरू झाले, एवढाच प्रश्न उरतो. आपल्याकडे विहिरीत पोहावयास शिकविताना पाठीचा भोपळा ज्या क्षणी सोडतात तो क्षण मुलाच्या लक्षात राहतो. परंतु उथळ ओढ्यात खेळता खेळता जो पोहावयास शिकला त्याला असा क्षण सांगता येत नाही. दोहोंतील भेद शिकणाराच्या धैर्यात नसून शिकविण्याच्या पद्धतीत आहे.

२. दुहेरी नियंत्रण आणि गॉस्पोर्टची पद्धत

शिक्षक व विद्यार्थी एकाच विमानात बसण्याची पद्धत राइट बंधूंच्या शाळेत १९१० पासून दिसते. त्या विमानात दोघे शेजारी बसत आणि काही दांडे दोघांच्या मध्ये सामायिक असत. परिणामी जो विद्यार्थी डाव्या आसनावर शिकला त्यास डावीकडूनच, आणि उजव्या आसनावर शिकला त्यास उजवीकडूनच विमान चालविता येई. शिक्षणाची साधने विद्येचे स्वरूप कसे ठरवितात याचे हे बोलके उदाहरण आहे.

परंतु दुहेरी नियंत्रणाला खरी शिक्षणपद्धती बनविण्याचे कार्य पहिल्या महायुद्धात झाले, आणि तेही पुष्कळ जीवितहानी झाल्यानंतर. युद्धाच्या आरंभीच्या वर्षांत इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी विद्यार्थ्यास प्रवाशाप्रमाणे बसवीत आणि शिक्षकाच्या हालचाली पाहून तो शिकेल अशी अपेक्षा ठेवीत. शिक्षकांपैकी पुष्कळजण रणभूमीवरून थकून परतलेले, शिकविण्याविषयी अनुत्सुक असे होते. विमान भोवऱ्यासारखे गरगरत खाली येऊ लागले म्हणजे मृत्यू अटळ, असा समज सर्वत्र रूढ होता. वस्तुतः विल्फ्रेड पार्क नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१२ च्या ऑगस्टमध्येच अशा गरगरण्यातून विमान सावरून दाखविले होते. परंतु एका माणसास एकदा साधलेली गोष्ट शिक्षणक्रमात आली नव्हती. ज्ञान होते, त्याचे संक्रमण नव्हते.

ही उणीव रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी दूर केली. फ्रान्समध्ये एका विमानपथकाचे नेतृत्व करीत असताना, पुरेसे न शिकलेले तरुण आपल्याकडे येतात आणि अल्पावधीत मरतात, हे त्यांनी पाहिले आणि वरिष्ठांकडे आग्रहाने लेखी तक्रारी केल्या. परिणामी त्यांनाच इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील गॉस्पोर्ट येथे शिक्षणपथकाचे प्रमुख नेमण्यात आले. १९१७ साली त्यांनी तेथे जी पद्धती बसविली तिची सूत्रे मोजकी होती. ॲव्हरो ५०४ या दोन आसनांच्या विमानात दोन्ही आसनांवर पूर्ण नियंत्रणे असावीत. विद्यार्थी आरंभापासून चालकाच्या जागी बसावा. शिक्षकाने रबरी नळीतून त्याच्याशी बोलत राहावे. आणि जी संकटे टाळावयाची म्हणून सांगितले जाई, ती विद्यार्थ्यास मुद्दाम दाखवून त्यांतून विमान सावरण्यास त्यास शिकवावे. ती बोलण्याची नळी पुढे ‘गॉस्पोर्ट नळी’ या नावानेच ओळखली गेली.

या शेवटच्या सूत्रात खरी क्रांती होती. पूर्वीच्या पद्धतीत विद्यार्थ्यास एकट्याने सोडणे म्हणजे त्यास अज्ञाताच्या स्वाधीन करणे होते. नव्या पद्धतीत शिक्षकाच्या देखत तो अज्ञातातून जाऊन आलेला असे. म्हणून शिक्षक उतरतो तेव्हा तो केवळ दैवावर भार टाकीत नाही. तो एक निर्णय देतो. प्रथम एकल उड्डाण ही कसोटी बनली ती येथे. कसोटी म्हणावयाची तर परीक्षक हवा आणि परीक्षकाने काय पारखले आहे याचा निश्चित आशय हवा. गॉस्पोर्टने या दोन्ही गोष्टी पुरविल्या. किंबहुना असे म्हणावयास हरकत नाही की, विद्यार्थ्याला एकटे सोडण्याचा अर्थ, त्याला एकटे न ठेवणाऱ्या पद्धतीने निर्माण केला.

३. मॉथ विमान व रिकामे आसन

युद्धानंतर हीच पद्धती नागरी जीवनात उतरली. त्यास डी हॅव्हिलंड कंपनीचे ‘मॉथ’ हे विमान कारणीभूत झाले. १९२५ च्या फेब्रुवारीत ते प्रथम उडाले. लाकडी सांगाडा, मागे दुमडता येणारे पंख, एकामागे एक अशी दोन उघडी आसने आणि बेताच्या शक्तीचे एंजिन, यांमुळे ते स्वस्त व सुटसुटीत होते. ब्रिटिश सरकारने हलक्या विमानांच्या क्लबांना साहाय्य देण्याचे धोरण त्याच वर्षी अंगीकारले आणि मॉथ हे त्या क्लबांचे प्रमुख साधन बनले.

या विमानाच्या रचनेतील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. शिक्षक पुढच्या आसनावर व विद्यार्थी मागच्या आसनावर बसे. पुढचे आसन विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ असल्यामुळे ते रिकामे झाले तरी तोल विशेष बिघडत नसे. म्हणून एकट्याने उडताना चालकाने मागेच बसावयाचे, असा नियम होता. याचा परिणाम असा की, विद्यार्थ्यास आपली जागा बदलावी लागत नसे. बदल घडे तो त्याच्या डोळ्यांसमोर. इतके दिवस जेथे शिक्षकाचे शिरस्त्राण दिसत असे तेथे आता मोकळी जागा दिसे आणि नळीतून येणारा आवाज थांबलेला असे. शिक्षक उतरताना पुढच्या आसनाचे पट्टे नीट बांधून ठेवी, कारण ते सुटून नियंत्रणदंडात अडकले तर अनर्थ ओढवावयाचा. एका माणसाचे वजन कमी झाल्यामुळे विमान पूर्वीपेक्षा लवकर जमीन सोडी, अधिक वेगाने चढे आणि उतरताना अधिक काळ तरंगे. सवयीचे यंत्र त्या दिवशी किंचित निराळे वागे. शिक्षकाची अनुपस्थिती ही अशी केवळ भावनेची गोष्ट नव्हती. ती यंत्राच्या वर्तनातूनही जाणवत असे.

४. तासांचा हिशेब आणि त्याचा अर्थ

प्रथम एकल उड्डाणापूर्वी विद्यार्थ्याने शिक्षकाबरोबर किती तास घालविले, हा आकडा चरित्रकारांचा आवडता आहे. कमी तास म्हणजे उपजत गुण, अशी त्यामागील समजूत. हा आकडा साधन म्हणून कितपत विश्वसनीय आहे हे तीन उदाहरणांनी पाहता येईल.

जे. आर. डी. टाटा यांनी १९२९ च्या आरंभी जुहू येथे बॉम्बे फ्लाइंग क्लबात शिक्षण घेतले. अवघ्या ३ तास ४५ मिनिटांच्या शिक्षणानंतर त्यांना एकटे सोडण्यात आले. त्याच वर्षी लंडनजवळच्या स्टॅग लेन येथे एमी जॉन्सन ही तरुणी शिकत होती. तिला १५ तास ४५ मिनिटे लागली, म्हणजे टाटांच्या चौपटीहून अधिक, आणि तेथील सर्वसाधारण विद्यार्थ्यापेक्षाही पुष्कळ जास्त. आकड्यावरून भाकीत करावयाचे तर तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवता आली नसती. परंतु त्यानंतर वर्षही पुरे होण्याच्या आत, १९३० च्या मे महिन्यात, ती मॉथ विमानातून एकटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास पोहोचली. असा प्रवास एकटीने करणारी ती पहिली स्त्री.

तिसरे उदाहरण चार्ल्स लिंडबर्ग यांचे. त्यांनी १९२२ साली नेब्रास्कात सुमारे ८ तास शिक्षण घेतले, परंतु त्यांना एकटे सोडण्यात आले नाही. कारण कौशल्याचे नव्हते. विमान मोडल्यास भरपाई म्हणून जी अनामत रक्कम ठेवावी लागे ती त्यांच्यापाशी नव्हती. पुढच्या वर्षी जॉर्जियात त्यांनी ५०० डॉलरला युद्धातील एक जुने विमान विकत घेतले, तेथील एका वैमानिकाबरोबर अर्धा तासभर सराव केला आणि मग एकट्याने उड्डाण केले. १९२७ साली न्यूयॉर्कहून पॅरिसला ३३ तासांहून अधिक काळ एकटे उडत जाणारा हा माणूस, अनामत रक्कम नसल्यामुळे एका फेऱ्यासही अपात्र ठरला होता.

या तिघांना शेजारी ठेवले म्हणजे तासांच्या आकड्याचे खरे स्वरूप उघड होते. त्यात विद्यार्थ्याची ग्रहणशक्ती असते हे खरे. पण त्याबरोबरच शिक्षकाचा स्वभाव, हवामान, पाठांमधील खंड, यंत्राची किंमत आणि ते मोडल्यास कोणी भरून द्यावयाचे, हेही असते. जुहूचे विमानतळ समुद्रकाठच्या चिखलवट जमिनीवर होते आणि पावसाळ्यात ते वापरता येत नसे. टाटांची हवाई टपालसेवा १९३२ मध्ये सुरू झाल्यावर पावसाळ्यापुरती ती याच कारणाने पुण्यास हलवावी लागे. टाटांचे शिक्षण मुंबईच्या कोरड्या ऋतूत झाले, ही गोष्ट त्यांच्या गुणवत्तेस बाध आणीत नाही; परंतु आकडा वाचताना ती दृष्टीआड करणेही योग्य नव्हे.

५. विश्वास कोणावर ठेवावयाचा ?

शिक्षकाचे उतरणे हा विश्वासाचा निर्णय असेल, तर हा विश्वास कोणास प्राप्त होऊ शकत होता, हा पुढचा प्रश्न आपोआप उपस्थित होतो. हिंदुस्थानच्या संदर्भात तो विशेष तीव्र होता.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात अगदी थोड्या हिंदी तरुणांना प्रवेश मिळाला. हरदित सिंग मलिक यांना आरंभी तेथे घेण्यात आले नाही; त्यांनी फ्रेंच रेडक्रॉसकडे रुग्णवाहिका चालविण्याचे काम पत्करले आणि ऑक्सफर्डमधील त्यांच्या अध्यापकांनी खटपट केल्यानंतर १९१७ साली त्यांना प्रवेश मिळाला. कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय १९१८ च्या जुलैमध्ये आकाशयुद्धात पडले. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर हेही त्याच वर्षी जूनच्या अखेरीस फ्रान्समध्ये मृत्यू पावले व तेथेच त्यांचे दफन झाले. या तिघांनीही एकट्याने विमाने चालविली होती. म्हणून १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना मिळालेला ‘क्रमांक १’ चा परवाना हा हिंदुस्थानात देण्यात आलेला पहिला परवाना होय. ‘एकट्याने उडणारा पहिला हिंदी मनुष्य’ असा त्याचा अर्थ नव्हे. लोकप्रिय लेखनात या दोन गोष्टींची वारंवार गल्लत होते आणि तिच्यामुळे मलिक, रॉय व वेलिंकर यांच्यावर अन्याय होतो.

युद्धानंतर दहा वर्षे हिंदी तरुणास लष्करी विमानाचा मार्ग जवळजवळ बंदच होता. स्कीन समितीने १९२६ च्या सुमारास तो खुला करण्याची शिफारस केली. १९३० मध्ये पहिले हिंदी विद्यार्थी इंग्लंडमधील क्रॅनवेल येथील विद्यालयात गेले, आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीस चार वापिती विमानांनिशी हिंदी हवाई दलाचे पहिले पथक उभे राहिले. या दोन घटनांच्या मधल्या काळात दिल्ली, मुंबई, कराची व कलकत्ता येथे सरकारी साहाय्याने निघालेल्या फ्लाइंग क्लबांचे महत्त्व लक्षात येते. क्लबाचे सभासदत्व खर्चिक होते, तेव्हा हा मार्ग सर्वांस खुला होता असे म्हणता येत नाही. तथापि ज्या काळी हिंदी मनुष्याच्या हाती लष्करी यंत्र सोपवावे की नाही याची समित्यांतून चर्चा चालली होती, त्या काळी जुहूस एक शिक्षक विमानातून उतरून तेच यंत्र हिंदी विद्यार्थ्याच्या हाती देत होता. समितीच्या अहवालाइतकाच हाही राजकीय इतिहासाचा पुरावा आहे.

आगाखान यांनी लावलेल्या पारितोषिकाने ही गोष्ट जगापुढे मांडली. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास ठराविक मुदतीत एकट्याने करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास ५०० पौंड मिळावयाचे होते. १९३० च्या मे महिन्यात सतरा वर्षांच्या अस्पी इंजिनियर यांनी ते जिंकले. टाटा उलट दिशेने, कराचीहून निघाले होते. वाटेत इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. इंजिनियर स्पार्क प्लगाविना अडकलेले होते. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्यांना दिले आणि पुढे थोडक्या अंतराने स्पर्धा गमावली. हा प्रसंग सामान्यतः औदार्याची कथा म्हणून सांगितला जातो. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातून दुसरेही एक सत्य निघते: ‘एकट्याने’ केलेला दीर्घ प्रवासही अनेक हातांवर उभा असतो. इंजिनियर पुढे हवाई दलात गेले आणि १९६० साली सुब्रतो मुखर्जी यांच्यानंतर भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले. मुखर्जी हे क्रॅनवेलच्या पहिल्या तुकडीतील होते.

स्त्रियांच्या बाबतीत हा विश्वास अधिक सावकाश मिळाला. १९३२ साली उर्मिला पारीख यांना परवाना मिळाल्याचा उल्लेख आढळतो. १९३६ मध्ये लाहोर येथे सरला ठकराल यांनी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, साडी नेसून जिप्सी मॉथ एकटीने चालविले. सर्वसामान्य लेखनात ‘पहिली हिंदी स्त्री-वैमानिक’ हे बिरुद बहुधा ठकराल यांच्या नावे दिसते. परवाना, एकल उड्डाण आणि उड्डाणाचा धंदा या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवल्यास असे वाद पुष्कळसे मिटतात. स्वतंत्र भारताच्या वायुदलात हरिता कौर देओल यांनी १९९४ च्या सप्टेंबरमध्ये ॲव्हरो विमान एकटीने चालविले, आणि १९ फेब्रुवारी २०१८ रोजी अवनी चतुर्वेदी यांनी जामनगर येथून मिग-२१ हे लढाऊ विमान एकटीने नेले. रेमों द लारोश यांच्या उड्डाणापासून या दिवसापर्यंत एकशे आठ वर्षे लोटली होती. या अवधीत स्त्रियांच्या क्षमतेत काही मूलभूत बदल झाला असे कोणी म्हणणार नाही. बदल झाला तो खाली उतरण्यास तयार असलेल्या शिक्षकांच्या व संस्थांच्या मनात.

६. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. प्रथम एकल उड्डाण ही विमानाइतकी जुनी गोष्ट नाही. शिक्षक विमानात बसू लागल्यावर आणि संकटातून सावरण्याचे ज्ञान पाठांत समाविष्ट झाल्यावर तिला कसोटीचे स्वरूप आले. हलक्या विमानांनी व क्लबांनी तिचा प्रसार केला. आणि ती कोणास देऊ द्यावयाची हे त्या त्या समाजाच्या धनसंपत्तीवर व पूर्वग्रहांवर अवलंबून राहिले.

संशोधक विद्यार्थ्याच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक सूचना निघते. जुन्या वैमानिकांच्या उड्डाणनोंदवह्या हाती आल्यास पहिल्या एकल उड्डाणाच्या ओळीपाशीच थांबू नये. त्या आधीच्या ओळी वाचाव्यात. तेथे शिक्षकाचे नाव असते, पाठांचा क्रम असतो, पाठांमधील खंड असतात. कोणत्या दिवशी उड्डाण रद्द झाले व कोणता पाठ पुन्हा घ्यावा लागला, हेही तेथेच कळते. ज्या ओळीत विद्यार्थी एकटा आहे तिचे स्पष्टीकरण, ज्या ओळींत तो एकटा नव्हता त्यांत सापडते. अशा नोंदवह्या अनेक कुटुंबांतून व क्लबांतून विखुरलेल्या असणे स्वाभाविक आहे आणि कागद फार काळ टिकत नाही. त्या वेळीच वाचल्या गेल्या, तर आपल्या देशातील विमानविद्येच्या इतिहासात विक्रमवीरांच्या बरोबरीने त्यांना एकटे सोडणाऱ्यांचीही नावे येतील.